मांडी न घालण्याचा नवस

आमच्या घरात पंगतीला खुर्ची मांडत नाहीत. महालक्ष्म्यांच्या जेवणाला गावातील बाया येतात, त्यांत म्हाताऱ्याही असतात. परंतु बसतात त्या सगळ्या जमिनीवर, पाटावर, मांडी घालूनच. ही रीत माझ्या सासूबाईंनी घालून दिली आणि मी ती त्यांच्याहूनही कडकपणे पाळली. गेल्या साली समोरच्या घरच्या सुंदरबाईने गुडघे चोळत एखादी खुर्ची मिळेल का म्हणून विचारले, तेव्हा मी भर पंगतीत तिला म्हणाले होते, "खुर्चीवर बसून देवीचा प्रसाद खाऊ नाई, सुंदरे. बसवत नसन तं तुह्या घरी डबा पाठवते." सुंदरबाई बसली. उठताना तिला दोघींनी काखेत हात घालून उचलले.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडले त्यात माझी अडचण नेमकी कोठे होती, ते यावाचून कळणार नाही.

यंदा पोळा झाला आणि त्याच आठवड्यात मी सांदवाडीत, म्हणजे आमच्या मागच्या अंगणात, विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरले. सून करुणा शेजारीच धुणे वाळत घालत होती. तिने हात पुढे केला होता. मी तो घेतला नाही. उजवा पाय पुढे सरकला, सगळे अंग त्या एका गुडघ्यावर आले आणि आत काहीतरी तटकन तुटले. वेदनेपेक्षा मला आठवतो तो गुडघ्याच्या वाटीवर पडलेला खळगा. तेथे बोट आत जात होते. पाय उचलावा म्हणून मी त्याला हुकूम केला, आणि उभ्या आयुष्यात प्रथमच माझा हुकूम मानला गेला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला ज्या जाड दोरीने बांधलेला असतो, ती दोरीच तुटली आहे. ती शिवावी लागेल. त्यांनी ती शिवली. मांडीपासून पोटरीपर्यंत एक लांब पट्टा घातला आणि गुडघा काही आठवडे तसूभरही वाकता कामा नये, असे बजावले. मुलाला, धनंजयला, मी दवाखान्यातल्या खाटेवरूनच सांगितले की गावात कोणाजवळ एक शब्द काढायचा नाही. नागपूरला दिलेल्या पोरीची तब्येत बरी नाही म्हणून आई तिच्याकडे राहिली, एवढेच सांगायचे.

"आई, पडणं काही गुन्हा नाई," तो म्हणाला.

"तुले विचारलं काय मी?"

मी विचारले नव्हतेच; तेव्हा विषय तेथेच संपला.

महालक्ष्म्या यंदा माझ्यावाचून बसल्या. त्या बसवल्या रुखमिणीने. रुखमिणी माझी धाकटी जाऊ. दोघा भावांचे घर पूर्वी एक होते. वाटणी झाली तेव्हा मधे भिंत आली आणि त्या भिंतीत एक लहान दार राहिले. आम्ही दोघीही आता विधवा. ती या घरात आली तेव्हापासून माझ्या मागे मागे चालत आली आहे. मी सोमवार धरला की तिने धरला, मी सोडला की तिने सोडला. धानाची बांधीही, म्हणजे भाताचे शेतही, आमचे धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. मी नागपूरहून परतले तेव्हा तीच दारातून प्रथम आत आली. मी सपरीत, समोरच्या ओसरीवर, यजमानांच्या लाकडी खुर्चीत बसले होते आणि पाय पुढच्या स्टुलावर सरळ ठेवलेला होता. नऊवारीचा काष्टा पट्ट्यावर बसत नव्हता, म्हणून करुणाने मला गोल साडी नेसवली होती आणि पदराखाली पट्टा झाकला होता.

रुखमिणीने माझ्याकडे पाहिले, साडीकडे पाहिले, पण विचारले ते हेच: "पोरीले बरं हाये ना, बाई?"

मी म्हणाले, बरे आहे.

सुंदरबाई मात्र दोन दिवसांनी आली आणि तिची नजर थेट स्टुलावर गेली. तिच्या हातात वाटीभर आंबील होती. ती तिने खाली ठेवलीसुद्धा नाही.

"काहून वो, पाय असा काहून लांब केला? पायले का झालं?"

त्या क्षणी खरे बोलणे किती सोपे होते, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. परंतु मला समोर दिसत होती ती गेल्या सालची पंगत, आणि ऐकू येत होते ते माझेच शब्द, आता सुंदरबाईच्या तोंडून.

"काई झालं नाई," मी म्हणाले. "नवस हाये. औंदा धानावर तुडतुडा आला. धान घरी येईपर्यंत मांडी घालणार नाई, गुडघा वाकवणार नाई, असं चौंडेश्वरीले बोलली मी."

तुडतुडा खरोखरच आला होता. आठ-पंधरा दिवसांत उभी बांधी जळल्यासारखी करून टाकणारी ती कीड गावातल्या प्रत्येक घराच्या बोलण्यात होती. त्यामुळे माझे खोटे बोलणे कोणाच्याही पोटात सहज उतरले. सुंदरबाईने वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि माझ्या त्या पट्ट्यातल्या पायाला हात लावून नमस्कार केला.

"मले वाटलं पडल्या-बिडल्या का काय," ती म्हणाली. "तुमी कायच्या पडता."

त्यानंतर बाया येऊ लागल्या. कोणी नारळ आणला, कोणी ओटीचे तांदूळ. मी खुर्चीत ताठ बसून त्यांचे नमस्कार घेतले. करुणा आतून पाणी घेऊन यायची आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा न देता परत जायची. तिने मला एका शब्दानेही काही म्हटले नाही. ती बोलली असती तर मी तिला दटावले असते आणि मला बरे वाटले असते.

त्या बायांत रुखमिणी नव्हती. ती आली ती दसऱ्याच्या सुमारास, भिंतीतल्या दारातून, आणि चालताना तिचा डावा पाय काठीसारखा सरळ बाहेरून फिरत होता. मी विचारले तेव्हा तिने लुगड्याचा काठ जरा वर केला. मांडीपासून पोटरीपर्यंत तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यांत बांबूची एक कामटी खोवली होती.

"तुमी एकलीनंच काहून सोसावं, बाई?" ती म्हणाली. "धान तं दोघींचंबी हाये. मीबी बोलली देवीले. तुमचा उजवा, माह्यावाला डावा. जोडी झाली."

ती हसत होती. चांगले काम केले की लहान मूल जसे आईकडे पाहते, तसे तिने माझ्याकडे पाहिले. मी तेव्हाच तिला जवळ बसवून कानात सांगू शकले असते. घरात दुसरे कोणीही नव्हते. मी म्हणाले, "तुही मर्जी," आणि एवढे बोलून तोंड फिरवले.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी पट्टा सैल केला. आता पाय वाकवायचा होता. तुमसरहून टीना नावाची एक मुलगी एक दिवसाआड येऊ लागली. व्यायाम करून घेणे हाच तिचा पेशा. गावात मी तिला नातीची मैत्रीण म्हणून सांगितले. ती आली की करुणा आतल्या खोलीचे दार लावून घ्यायची. एका गुळगुळीत फळीवर पावडर टाकून टीना माझी टाच त्यावर ठेवायची, आणि ती टाच हळूहळू माझ्याकडे ओढायला सांगायची. ऐकताना हे पोरखेळासारखे वाटते. बाळंतपणे मी तोंडातून आवाज न काढता केली आहेत; त्या फळीवर मात्र माझ्या तोंडून जे निघायचे ते ऐकून मला माझीच लाज वाटायची.

"आजी, शिव्या द्यायच्या तं द्या, पण पाय वाकवा," टीना म्हणायची.

"मी शिव्या देत नसते."

"मंग शिकून घ्या. पुढच्या हप्त्यात कामी येतील."

पाय वाकू लागला. आधी नुसता थरथरला, मग टाच फळीवर बोटभर सरकली, मग वीतभर. वॉकर धरून मी खोलीतल्या खोलीत फिरू लागले. लोक आले की पुन्हा सपरीत, पुन्हा स्टूल, पुन्हा सरळ पाय. दाराआड मी गुडघा वाकवण्यासाठी रडत होते आणि दाराबाहेर तो न वाकवल्याबद्दल नमस्कार घेत होते.

एके दिवशी व्यायाम संपल्यावर टीना पिशवी भरता भरता थांबली.

"आजी, त्या शेजारच्या आजींच्या पायाला काय झालं? मी दारात भेटली त्यांना. म्हणतात नवस हाये."

मी वॉकर जवळ ओढला.

"त्यांचा गुडघा आधीचाच झिजलेला दिसते. मी वरूनच जरा हात लावून पाहिला, तं आतापासूनच कडक झाला. असाच बांधून ठेवला तं आखडून जाईल तो, मंग कोणाच्या हातात राहणार नाई. मी सांगितलं तं हसल्या. म्हणे, मोठ्या बाई सोडतील तेव्हा सोडीन." तिने पिशवीची चेन ओढली. "पेशंटची गोष्ट मी बाहेर सांगत नाई, आजी. म्हणून तुमाले सांगून राहिली."

त्या दुपारी मी वॉकर न घेता, भिंतीला धरून, स्वतःच दारातून रुखमिणीकडे गेले. ती अंगणात खाटेवर धान्य पाखडत बसली होती, पाय समोर ताठ. मी तिला नेहमीच्या आवाजात सांगितले की नवस सोड, चिंध्या काढ, हे माझे सांगणे आहे.

आमच्या साऱ्या आयुष्यात तिने मला नाही म्हटले नव्हते. त्या दिवशी म्हटले.

"तुमचं सारं आइकलं, बाई. पर हे देवीचं हाये. तुमी सोडता काय? नाई ना. मंग मले काहून म्हणता?"

या प्रश्नाला एकच उत्तर होते आणि ते माझ्याजवळ होते. मी ते दिले नाही. त्याऐवजी मी आणखी एक खोटे रचले. मी म्हणाले की देवी माझ्या स्वप्नात आली होती आणि एकीचा नवस पुरे आहे, असे तिने सांगितले.

रुखमिणीने सूप बाजूला ठेवले. तिचे डोळे भरून आले.

"असं सांगतलं देवीनं?" ती म्हणाली. "मंग तुमी सोडा, बाई. दुपारी तुमी आत कण्हता ते मले भिंतीतून आइकू येते. लय सोसलं तुमी. आता मी एकली निभावून नेईन."

मी भिंत धरून परत आले. आत येऊन खाटेवर बसले, आणि पुढच्या वेळी टीना आली तेव्हा कण्हू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला. त्याने काय साधणार होते, देव जाणे.

धान आले. उतारा कमी होता, पण आले. मशीनवर चुरणा, म्हणजे मळणी, झाली आणि पोती दोन्ही घरांत येऊन पडली. सुंदरबाई आणि इतर बायांनी आपसातच ठरवले की मंडईच्या आदल्या दिवशी नवस फेडायचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक असते. त्या गडबडीत आमच्या अंगणात बायांची पंगत होणार होती आणि दोघी जावा सर्वांसमोर पाटावर मांडी घालून पहिला घास घेणार होत्या.

माझा गुडघा काटकोनाच्या थोडा पुढे वाकत होता. मांडी अजून लांब होती. तेव्हा मी करुणाकडून एक चौरंग मागवून त्यावर बसून पाहिले. डावा पाय मुडपून, उजवा अर्धवट वाकवून वरून साडीचा घोळ पसरला, की समोरून मांडीच घातल्यासारखे दिसायचे. करुणा समोर उभी राहून घोळ नीट करत होती.

"उजव्या अंगानं जरा दिसते," ती म्हणाली. थोड्या वेळाने हलकेच म्हणाली, "आत्याबाई, काकूंचं कसं करायचं? त्यांच्या पायावर साडी पसरून भागणार नाई."

मी तिला घोळ नीट करायला सांगितले.

त्या दिवशी अंगण सारवलेले होते. रांगोळी काढून मधोमध दोन आसने मांडली होती. माझ्यासाठी चौरंग आणि रुखमिणीसाठी पाट. पानांवर भात वाढलेला होता. मी काठी टेकत आले आणि सराव केल्याप्रमाणे बसले. बाया पुढे सरसावून पाहत होत्या. कोणालाही काही कळले नाही. सुंदरबाईने माझ्यापुढे नारळ फोडला.

मग रुखमिणी आली. तिने सर्वांसमोर कामटी काढली, एकेक चिंधी सोडली आणि नीट घडी करून बाजूला ठेवली. पाय बारीक झाला होता आणि कातडीवर चिंध्यांचे वळ होते. दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ती पाटावर बसू लागली. उजवा पाय दुमडला. डावा तसाच पुढे राहिला. तिने हाताने गुडघा दाबला. पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला.

"होते, होते," ती म्हणत होती. "जरा धरा मले. होते."

एकीने तिचा पाय ओढून पाहिला, तेव्हा ती कळवळली. बाया कुजबुजू लागल्या. रुखमिणीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत वेदना होतीच, पण त्याहून जास्त भय होते.

"बाई," ती म्हणाली, "देवीनं तुमचा घेतला, माह्यावाला नाई घेतला. माह्यातच काही खोट राहिली असन."

माझ्या समोर भात निवत होता. माझी साडी अत्यंत नीट पसरलेली होती.

मी करुणाला हाक मारली आणि आतून पट्टा व वॉकर आणायला सांगितले. ती जागची हलली नाही. मी पुन्हा सांगितले. तिने दोन्ही वस्तू आणून अंगणात, रांगोळीवर, माझ्यासमोर ठेवल्या. मी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. परपुरुषासमोर नव्हे, पण गावातील साऱ्या बायांसमोर मी माझा उघडा गुडघा आणि त्यावरचा उभा लांब वण दाखवला.

"नवस नव्हता," मी म्हणाले. "मी विहिरीवर पडली. नागपुरात ऑपरेशन झालं. पाय वाकतच नव्हता म्हणून सरळ ठेवला होता. हे पोरगी टीना येते ते नातीची मैत्रीण नाई, माह्या पायाचा व्यायाम घेते. सपन पडलं नाई. देवी कोणाच्या सपनात आली नाई. रुखमिणीत खोट नाई."

 मग सुंदरबाई बोलली, अगदी शांतपणे.

"म्हणजे आमी नारळं तुमच्या पट्ट्याले वाहिले."

कोणीतरी हसले, मग आणखी एक हसली. मी त्यांना दटावले नाही. सुंदरबाई उठली, आत गेली आणि आमच्याच घरातली एक खुर्ची आणून अंगणात माझ्या चौरंगाशेजारी ठेवली. "बसा," ती म्हणाली. "घरचीच हाये." करुणाने हात पुढे केला, मी तो धरला, आणि पंगतीत, सर्वांदेखत, खुर्चीवर बसले. मला मान वर करता येत नव्हती.

रुखमिणी मात्र हसली नाही. तिला उचलून उभे केले होते. तिने घडी केलेल्या चिंध्या हातात घेतल्या.

"मी तुमच्यासाठी पाय बांधला," ती म्हणाली. "तुमी माह्यासाठी तोंड नाई उघडलं. मले सांगतलं असतं तं मी कोणाले सांगतलं असतं काय?"

ती भिंतीतल्या दारातून गेली, सरळ पायाने. दार तिने आतून लावून घेतले. ते दार आतून लागते, हे मला ठाऊकच नव्हते.

मंडई झाली, पाहुणे गेले. दार उघडले नाही. टीना तिच्याकडे रस्त्यावरच्या बाजूने गेली, तेव्हा रुखमिणीने तिला चहा पाजला आणि पायाला हात लावू दिला नाही. आता कायले, एवढेच म्हणाली.

तेव्हा मी बाहेर जाताना नेसायची नऊवारी बाजूला ठेवली, घरातली गोल साडीच नेसले, वॉकर घेतला आणि रस्त्यावरून, दिवसाढवळ्या, तिच्या पुढच्या दाराशी गेले. मागून करुणा ती फळी आणि पावडरीचा डबा घेऊन आली. समोर सुंदरबाई ओट्यावर बसली होती. तिने पाहिले, आणि मी तिला पाहू दिले.

रुखमिणी खाटेवर होती. मला बसा म्हणाली नाही. विचारून बसण्याची मला सवय नाही, म्हणून मी उभीच राहिले, आणि अखेरीस विचारले, "बसू काय?"

"बसा."

तिच्या खाटेला लागून दुसरी खाट होती, त्यावर मी बसले. करुणाने फळी माझ्यासमोर ठेवली. मी ती रुखमिणीकडे सरकवू लागले, तेव्हा तिने हात आडवा केला.

"पहिले तुमी करा," ती म्हणाली. "दार नका लावू. मले पाहू द्या का करत होत्या ते."

मी पाय फळीवर घेतला. टाच ओढली. जेथे दुखते तेथे आले, आणि या वेळी पदर तोंडात धरला नाही. मी कण्हले. रुखमिणी माझ्या तोंडाकडे पाहत होती, गुडघ्याकडे नव्हे. मी थांबले.

"अजून वाकते तो," ती म्हणाली. "वाकवा."

मी आणखी ओढला. डोळ्यांतून पाणी आले, ते मी पुसले नाही. मग ती हळूहळू खाटेच्या कडेला सरकली, आपला ताठ पाय दोन्ही हातांनी उचलला आणि फळीवर, माझ्या पायाशेजारी ठेवला. करुणाने पावडर टाकली.

"असं ओढायचं?" तिने विचारले. ते तिने करुणाला विचारले.

तिने मला बाई म्हटले नाही. मी वाट पाहिली, पण तिने म्हटले नाही. तिची टाच फळीवर जरा थरथरली, सरकली नाही. मी माझी टाच पुन्हा ओढू लागले, तिला दिसेल अशी.